जावयाने निवडलेलं इंजिन

गुणाजी तांडेलाच्या घरात विजेचे नऊ दिवे होते. वाडीत दुसऱ्या कुणाच्या घरात एकही नव्हता. वीज यायची ती पलीकडच्या भाताच्या गिरणीतून. गिरणीच्या मालकाने आपल्या तेलाच्या इंजिनाला डायनामो जोडला होता आणि दिवेलागणीपासून लोकांची जेवणं होईपर्यंत तो गिरणीकडच्या दहा-बारा घरांना आणि वाडीत एकट्या गुणाजीला करंट द्यायचा.

गुणाजीने दिवे शोभेसाठी घेतले नव्हते. पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या की त्याच्या पडवीत रापणीची जाळी विणायचं काम सुरू व्हायचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पन्नास माणसांनी ओढायचं जाळं. ते विणायला हात लागतात तेवढेच. वाडीतल्या पंधरा-वीस बाया संध्याकाळचं रांधून-वाढून यायच्या आणि सुताच्या गुंड्या, लाकडी सुया घेऊन भिंतीशी ओळीने बसायच्या. रॉकेलच्या उजेडात जाळ्याचे डोळे लहानमोठे व्हायचे, आणि असल्या जाळ्यातून मासळी निसटते. नारळी पुनवेला जाळी तयार नसली तर हंगामाचा पहिला महिना हातचा जायचा. म्हणून दिवे.

पण गिरणीचं इंजिन दगा द्यायचं तेही पावसाळ्यातच. दमट हवेने पट्टा घसरायचा, कधी कुठे तार तुटायची. बाया हातात सुया धरून अंधारात बसून राहायच्या आणि शेवटी पोरांच्या आठवणीने उठून जायच्या. सन तेहतीसच्या पावसाळ्यात हे इतक्यांदा झालं की गुणाजीने ठरवलं, आपलं स्वतःचं लहानसं इंजिन घ्यायचं. गिरणीचा करंट गेला की आपला सुरू. ते निवडायला दुसऱ्या कुणाला विचारायची त्याला गरज वाटली नाही. त्याचा जावई महिपत मुंबईत कापडगिरणीच्या इंजिनावर होता.

महिपत इंजिनखात्यात होता एवढं खरं होतं. पण तो इंजिन चालवत नव्हता, दुरुस्तही करत नव्हता. तो तेलवाला होता. लांब चोचीची झारी घेऊन दिवसभर बेअरिंगांना तेल घालायचं, चिंध्यांनी सांडलेलं पुसायचं, आणि फिटर हाक मारील तेव्हा हत्यार नेऊन द्यायचं. हे काम तो नीट करायचा. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

लाजण्यासारखं घडलं ते लग्न ठरताना. महिपतचा चुलता बोलणी करायला आला होता. तो म्हणाला, "पोरगा इंजनावर हाय."

गुणाजीने विचारलं, "म्हंजे डायवर?"

चुलत्याने मान हलवली. ती हो म्हणून होती की नुसतीच, हे त्याचं त्याला ठाऊक. महिपत समोरच बसला होता आणि त्याने काही म्हटलं नाही. पहिलं खोटं असं त्याचं नव्हतं. पुढची मात्र सगळी त्याचीच. सासुरवाडीला आला की बंदरावर लोक विचारायचे, आणि तो सांगायचा, एवढं मोठं चाक, एवढी वाफ, एक कळ दाबली की चार मजले हलतात. गुणाजी शेजारी उभा राहून ऐकायचा. त्याला स्वतःला वाऱ्यावरून समुद्र कळायचा, पण यंत्रातलं काही कळत नव्हतं. आणि आपल्या घरात असा एक माणूस आला याचा त्याला मनापासून अभिमान होता.

चौतीस सालच्या फाल्गुनात गुणाजीचं पत्र मुंबईला आलं. पैसे वेगळे मनिऑर्डरीने येतील, असं लिहिलं होतं. आणि लिहिलं होतं, "तुम्हांस जे योग्य वाटेल ते घ्यावे. आम्ही त्यात काय सांगणार."

महिपतने पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून टोपीत ठेवलं. लालबागच्या खोलीत त्याची बायको मालन चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "धाकू मिस्त्रींना विचारा. ते सांगतील."

धाकू मिस्त्री इंजिनखात्यातला फिटर होता, आंजर्ल्याचा. उभ्या मुंबईत महिपतला इंजिनाबद्दल खरं सांगेल असा हाच एक माणूस. पण धाकूला विचारायचं तर आधी त्याला सांगावं लागणार, की माझ्या सासऱ्यांना मी ड्रायव्हर वाटतो. महिपतने चार दिवस ते शब्द मनात जुळवून पाहिले. पाचव्या दिवशी धाकू खाली वाकून नट आवळत होता आणि महिपत पाना हातात देत होता, तेव्हा त्याने सुरुवातही केली होती. "मिस्त्री, एक विचारायचं होतं."

"विचार."

"मे महिन्यात रजा कधी टाकायची?"

धाकूने तारीख सांगितली, आणि ते तिथेच राहिलं.

मग एका रविवारी तो एकटाच भायखळ्याच्या बाजूला जुन्या यंत्रांच्या दुकानात गेला. दुकानदार सभ्य माणूस होता. त्याने बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "किती दिवे आहेत?"

"नऊ."

"अजून वाढणार?"

"बहुतेक नाही."

"मग लहान इंजिन पुरे. घरात ठेवणार की बाहेर? आवाज होतो, धूर होतो. आडोसा बांधून घ्या. रॉकेलवर चालणारं देतो, तिकडे पेट्रोलची पंचाईत."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इंजिनही त्याने चांगलं दाखवलं, लहान, दणकट, चाक हाताने फिरवलं तर सुरळीत फिरणारं. मग त्याने दोन डायनामो पुढे केले. एक बसका, काळपट, रंग उडालेला. दुसरा हिरवा, नवा वाटणारा, पितळी पाटीचा.

"गिरणीचा करंट गेला की हेच दिवे यावर लावणार ना? मग लाइन किती व्होल्टची आहे त्याप्रमाणे डायनामो घ्यायला हवा. हा एकशेदहाचा. हा दोनशेवीसचा. तुमची लाइन कितीची?"

महिपतला ठाऊक नव्हतं. सासऱ्याच्या घरच्या कुठल्याही दिव्याच्या काचेवर तो आकडा छापलेला होता, एक पत्र टाकून विचारता आलं असतं. दुकानदार घाई करत नव्हता. पण त्याने प्रश्न असा विचारला होता, की उत्तर येणारच असं त्याने धरलं होतं. महिपतची नजर हिरव्या डायनामोवर गेली.

"दोनशेवीस," तो म्हणाला.

"नक्की? नाहीतर विचारून या, मी ठेवतो बाजूला."

"नक्की. मी इंजिनावरच काम करतो."

"मग प्रश्नच नाही," दुकानदार म्हणाला आणि त्याने पावती करायला घेतली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात महिपत आणि मालन इंजिन घेऊन बोटीने रत्नागिरीला उतरले. बोटीवरचा माल किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून खोकी धक्क्यावर घ्यायला गुणाजीची आठ माणसं उभी होती. गुणाजीने महिपतला पाण्याच्या शिंतोड्यांनी ओलं झालेलं डोकं पुसायला पंचा दिला, मुलीला काय गो बाय म्हणून विचारलं, आणि मग खोक्यांभोवती एक फेरी मारली. बैलगाडी घराकडे निघाली तेव्हा तो गाडीबरोबर चालत होता आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "जावयानी आणलाय. पारखून आणलाय."

घराच्या मागे आडोसा बांधून तयार होता. जोडणीला गिरणीचा वायरमन सदू आला. गुणाजीच्या घरातल्या तारा त्यानेच ओढल्या होत्या. सदू पालीचा, तिशीचा, हाडकुळा. त्याने कामाला लागण्याआधी सगळं एकदा डोळ्यांखालून घातलं आणि डायनामोच्या पाटीवर दाट वंगण होतं ते पुसायला चिंधी मागितली.

"पाटी कशाला होवी?" महिपत म्हणाला.

"आकडा बघतो. आपली लाइन एकशेदहाची."

आडोशाभोवती माणसं बसली होती. गुणाजी होता, त्याचे दोन खलाशी होते, शेजारचा गंगाराम होता. दुकानात तोंडातून काढलेला आकडा महिपतला स्वच्छ आठवला. अजूनही वेळ होती. थांब, मलाही बघू दे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"मुंबईत बघून, चालवून आणलाय तो," तो म्हणाला. "तू तार जोड. बाकीचा मला शिकवू नको."

गंगाराम हसला. सदूने चिंधी खांद्यावर टाकली आणि तारा जोडायला बसला.

संध्याकाळी वाडीतली निम्मी माणसं अंगणात जमली. महिपतच्या सासूने, धोंडूबाईने, इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. यंदा दोन रापणी विणायच्या म्हणून काम मे महिन्यातच सुरू झालं होतं, आणि बाया पडवीत नेहमीच्या जागी बसल्या होत्या. गिरणीचे दिवे लागलेले होते. सदूने भिंतीवरची मोठी कळ मधे आणली तसे ते विझले. मग इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा खोकल्यासारखं, मग एका लयीत. गुणाजीने महिपतकडे पाहिलं. महिपतने मान हलवली. सदूने कळ दुसऱ्या बाजूला टाकली.

असा उजेड त्या घराने कधी पाहिला नव्हता. पांढरा, निळसर पांढरा, वाशांतली कोळ्यांची जाळीसुद्धा दिसू लागली. बायांनी डोळ्यांवर हात धरले. अंगणातून कुणीतरी म्हणालं, "बगा, ह्याला म्हनतात मुंबयचा इंजन." गुणाजीचा हात महिपतच्या पाठीवर पडला. तो हात तिथे असतानाच ओटीवरचा दिवा फुटल्यासारखा आवाज करून गेला, मग माजघरातला, मग पडवीतले सगळे, एकामागून एक. एका बाईच्या पदरावर काच पडली. इंजिन अंधारात चालूच राहिलं.

सदूने ते बंद केलं. कुणीतरी कंदील आणला. नऊच्या नऊ दिवे गेले होते.

गुणाजी महिपतला विचारत होता, सदूला नव्हे. "काय झाला ओ जावयबापू?"

सगळी माणसं कंदिलाभोवती उभी होती. महिपतला सदूचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हातातली पक्कड दिसत होती. पुढे कित्येक वर्षं महिपत त्या क्षणाचा हिशेब स्वतःशी मांडत राहिला. आपण घाबरलो होतो, असं तो आधी म्हणायचा. पण घाबरल्याने माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला नव्हता.

"वायरिंगमधी खोट हाय," तो म्हणाला. "इंजनाचा जोर ह्या तारांना सोसला नाय."

सदू एकदाच म्हणाला, "तांडेलानू, तारा माझ्या बरोबर हायत."

"मग दिवे काय इंजनानं खाल्ले?" गुणाजीचा आवाज चढला. "दोन वर्सं झाली तुझ्या तारांवर माझा घर हाय. पोरंबाळं निजतात इथं."

सदूने पक्कड पिशवीत टाकली. त्याने पिशवी उचलली, चपला शोधल्या आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी गिरणीच्या मालकाकडे गेला आणि दुपारी कळलं, की मालकाने सदूला कामावरून काढलं. तो पालीला घरी गेला.

त्या दिवशी महिपत जेवला नाही. उन्हाचं बाधलं, असं त्याने सासूला सांगितलं आणि ती कोकमाचं सरबत घेऊन आली, तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना. मालन संध्याकाळी आडोशापाशी आली. तो डायनामोची पाटी पुसून बसला होता. आकडा स्वच्छ दिसत होता.

"तुमी डायवर नाय हे मला लग्नानंतर म्हैन्याभरात कळला होता," ती म्हणाली. "तेलानं भिजलेले तुमचे कपडे मीच धुते. बाबा विचारायचे तेवा मीच हो हो म्हनायचे. ते माझापन पाप हाय, ते मी सोसते." ती जरा थांबली. "पन त्या मानसावर घालाल असा मला वाटला नव्हता."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसतं सांगत होती. मग ती गाईला पाणी दाखवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने महिपत पालीला गेला. बाजारात विचारत विचारत सदूचं घर सापडलं. सदू घरी नव्हता. त्याची आई, तुळसा, म्हणाली, "खाली नदीकडच्या मळीत हाय. भाजावळ चाललीय."

सदू भाताच्या रोपांच्या जमिनीची पावसाआधीची राबभाजणी करत होता. जमिनीवर पसरलेला पालापाचोळा आणि शेण धुमसत होतं आणि तो लांब काठीने आग सारखी करत होता. महिपतला पाहून त्याने काठी खाली ठेवली नाही.

महिपतने बांधावर उभं राहूनच सांगितलं. डायनामो दोनशेवीसचा आहे. मी न विचारता आणला. तुझी काही चूक नव्हती, आणि ते मला त्या वेळीच कळलं होतं. वाटेत जुळवलेलं होतं त्यापेक्षा ते फार लवकर संपलं.

"मला म्हायत हाय," सदू म्हणाला. "दिवे असे पांढरे पडले तेवाच कळला."

"मग तू बोललास का नाय?"

सदूने धुरातून त्याच्याकडे पाहिलं. "मी बोललो ना, तारा बरोबर हायत म्हनून. त्याच्या पुढं काय बोलायचा? तुमी जावई. मी वायरवाला. कोनाचा खरा धरतील?"

महिपत म्हणाला, "मी माफी मागायला आलोय."

"इथं?" सदूने आजूबाजूला पाहिलं. मळीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. "इथं मला काय सांगता? मला तर म्हायतच हाय. जिथं बोललात तिथं बोला."

तो पुन्हा आग सारखी करू लागला. महिपत परत फिरला तेव्हा तुळसाने त्याला बोलावून पाणी आणि गुळाचा खडा दिला. हा कोण, कशाला आला, हे तिला ठाऊक नव्हतं. मुंबईचा कुणी सदूच्या कामासाठी आला असेल, असं तिला वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "बगा बाबा काय होत असंल तर. हात चांगला हाय त्याचा." महिपतने रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला आणि तो वाटेला लागला.

संध्याकाळी पडवीत रॉकेलचे दिवे होते. गिरणीतून नवे बल्ब आले नव्हते. बाया मात्र आल्या होत्या, कारण काम थांबवून चालणार नव्हतं. गुणाजी खांबाशी बसून सूत ओढून बघत होता. गंगाराम होता. जोडणीच्या दिवशीचे दोन्ही खलाशी होते. महिपतने मुद्दाम सगळे यायची वाट पाहिली होती.

तो मधे उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, मला सांगायचा हाय."

गुणाजीने वर पाहिलं. बायांचे हात चालूच होते.

"सदूची खोट नव्हती. मी डायनामो चुकीचा आणला. दुकानदारानं मला विचारला होता, लाइन कितीची. मला म्हायत नव्हता आणि मी ठोकून दिला. मंग सदू पाटी बघायला लागला तेवा मी त्याला बघू दिली नाय." आता हात थांबले होते. त्याला वाटलं होतं की एवढं झाल्यावर पुढचं सोपं जाईल. पुढचंच जास्त जड होतं. "आणि मी डायवर नाय. कधी नव्हतो. मी तेलवाला हाय. इंजनाला तेल घालतो."

एका बाईने पदर तोंडाला लावला, हसायला की कशाला ते कळलं नाही. धोंडूबाई दारात उभी होती. ती आत निघून गेली. मालन बायांमध्ये बसली होती आणि तिने मान खाली घातलेली नव्हती.

गुणाजीने सुताची गुंडी बाजूला ठेवली. तो ओरडेल, अशी महिपतची अपेक्षा होती. पण गुणाजीचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा आला.

"बंदरावर मी किती जनांना सांगितला," तो म्हणाला. "तुमी बाजूला उभे असायचात."

"हो."

"मला मधी थांबवायचात तरी."

गुणाजी उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि त्या वेळीच गिरणीच्या मालकाकडे गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीने तो स्वतः पालीला जाऊन सदूला घेऊन आला. महिपतला त्याने बरोबर चला म्हटलं नाही.

सदूने डायनामो सोडवून खोक्यात बांधला. काम करताना तो महिपतशी कामापुरतं बोलत होता. हे धरा, ते सोडा. एकशेदहाच आणा, आणि घेताना फिरवून, दिवा लावून बघा, एवढं त्याने सांगितलं आणि एका कागदावर आकडे लिहून दिले. महिपतने कागद घेतला.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या बोटींपैकी एकीने महिपत मुंबईला निघाला. मालन त्याच्याबरोबर गेली नाही. "जाळी मागं पडतील," ती म्हणाली. "मी विनायला बसते. तेवढा एक हात जास्त."

मुंबईत त्याने पहिल्याच दिवशी धाकू मिस्त्रीला सगळं सांगितलं. धाकू हसला नाही. त्याने डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "गाढवा, मी इथे तुझ्यापासून चार हातांवर उभा असतो." रविवारी तो बरोबर आला. दुकानदाराने महिपतला ओळखलं. "मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला," तो म्हणाला, आणि महिपत म्हणाला, "विचारलं होतं." हिरवा डायनामो परत घ्यायला दुकानदार बांधलेला नव्हता. धाकूने बरीच घासाघीस केली. शेवटी बदली झाली, वर काही भरावं लागलं, ते महिपतने भरलं. पण या सगळ्यात तीन रविवार गेले, आणि बोटी बंद झाल्या.

म्हणून डायनामो आगगाडीने निघाला. नुकतीच एक रजा झालेली असल्यामुळे महिपतला दीड महिन्याने बिनपगारी रजा मिळाली, तो दोनदा गाडी बदलून कोल्हापूरला पोचला आणि तिथून मालाच्या लॉरीत डायनामोशेजारी बसून आंबा घाट उतरला. घाटात दरड आली होती. लॉरी दोन दिवस घाटमाथ्यावर अडकली. घरी पोचला तेव्हा आषाढ संपत आला होता. नारळी पुनवेला वीस-बावीस दिवस उरले होते.

जाळी मागे पडली होती. दोनपैकी एक रापण यंदा वेळेवर उतरणार नाही, हे गुणाजीने धरूनच ठेवलं होतं. गिरणीने नवे दिवे बसवून दिले होते, पण त्या महिन्यात करंट तेरा वेळा गेला होता. मालनने ते दिवस मोजले होते. तिचे डोळे लाल झालेले होते आणि बोटांना सुताने चिरा पडल्या होत्या. इतर बायांच्याही तशाच होत्या. त्यांच्यातली एक, भागूबाई, आता यायची बंद झाली होती. रॉकेलच्या धुराने तिच्या डोळ्यांतून पाणी खळत नव्हतं.

गुणाजीने महिपतला, "वाटेत जेवलात काय?" असं विचारलं. सासरा बंदरावर याबद्दल कुणाशी काही बोलल्याचं महिपतच्या कानावर आलं नाही. वाडीतले लोक त्याच्याशी नीटच वागत होते. कुणी मुंबईच्या चाकाबद्दल विचारलं नाही, एवढंच.

सदूने एका दुपारी डायनामो जोडला. या वेळी त्याने पाटी पुसली, आकडा मोठ्याने वाचला, आणि महिपतलाही वाचायला लावला. आधी एकच दिवा लावून पाहिला. तो शांतपणे जळला, पिवळसर, रोजच्यासारखा. मग त्याने बाकीची जोडणी केली.

दोन दिवसांनी, पाऊस धोधो कोसळत असताना, दिवेलागणीनंतर तासाभरात गिरणीचा करंट गेला. पडवी काळोखी झाली. सदू त्या दिवशी गिरणीवर होता. गुणाजी अंधारातून म्हणाला, "महिपतराव, सुरू करता?" त्या कबुलीनंतर पहिल्यांदाच त्याने महिपतला काही काम सांगितलं होतं. महिपत चाचपडत आडोशात गेला. कंदील लावला, आधी सगळीकडे तेल बघितलं, कारण ते त्याला येत होतं, आणि मग चाक फिरवलं. इंजिन लागलं. त्याने लय बसू दिली, आत येऊन कळ दुसऱ्या बाजूला टाकली.

दिवे लागले, आणि पडवीत कुणी हललं नाही.

सगळ्या बाया वर बघत होत्या. सुया हातांत होत्या, पण एकही हात चालत नव्हता. एकीने पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, काच पडली तर म्हणून. धोंडूबाईने जवळच्या पोरीला पदराखाली घेतलं होतं. गुणाजीसुद्धा खांब धरून दिव्याकडे बघत होता. इंजिनाचा आवाज आणि पावसाचा आवाज एवढंच होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. महिपतला तो फार मोठा वाटला. त्या सगळ्या चेहऱ्यांवर एकच वाट बघणं होतं, आणि ते त्याने तिथे आणून ठेवलेलं होतं.

दिवे तसेच जळत राहिले. एका कोपऱ्यातली सुई हलली. मग दुसरी. हळूहळू ओळ पुन्हा कामाला लागली आणि कुणीतरी मिठाबद्दल काहीतरी बोलायला लागलं.

महिपत कळीपाशीच उभा होता. कुठे बसावं ते त्याला कळत नव्हतं. मालनने त्याच्याकडे न बघता आपलं सूत जवळ ओढून घेतलं आणि भिंतीशी सरकून बसली. तिच्या शेजारी हातभर जागा झाली. तो जाऊन तिथे बसला. तिने जाळ्याची एक कड त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "नुसता ताणून धरा."

त्याने धरलं.